वाळीत पडलेला सत्तेचाळीस नंबर

मित्रांनो, जरा इकडे बघा. इकडे, खिडकीत. कागदांच्या गठ्ठ्यावर एक मळकट, एका अंगाने वितळून वाकडा झालेला ठोकळा बसला आहे ना, तो मी. पंखा सुरू झाला की कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्या उरावर ठेवतात. देह म्हणाल तर तुमच्या मुठीत मावेल एवढा. पण या पेपर मिलमध्ये एके काळी माझ्या एका शब्दावर घराएवढं यंत्र उभं राहत असे. आता मी उडणारे कागद थांबवतो. चालायचंच.

सेन्सर म्हणतात मला. बिनतारी सेन्सर. यंत्राच्या पाठीवर बसायचं, त्याला ताप किती आहे आणि त्याचं अंग किती थरथरतं आहे ते बघायचं आणि हवेतून कळवायचं, एवढंच माझं काम होतं. आणि आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट थोडी वजा करून ऐका. भाजल्यापासून माझं सगळंच जरा चढं येतं. मात्र नोकरीत होतो तोवर मी अर्ध्या अंशाचीही थाप मारली नाही. सगळ्या थापा मी म्हातारपणासाठी राखून ठेवल्या होत्या, असं समजा.

माझा जन्म झाला ती खोली इतकी स्वच्छ होती की धुळीला आत यायचं तर परवानगी काढावी लागे. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका तिथे ओळीने बसून आमच्या पोटात केसाएवढ्या तांब्याच्या तारा जोडत. एकीला सारख्या शिंका येत, म्हणून तिला कोपऱ्यात बसवलं होतं. मी तिच्याच हातचा. मग आमची परीक्षा झाली. मला बर्फात बुडवलं आणि विचारलं, किती? मी सांगितलं. उकळत्या तेलात बुडवलं आणि विचारलं, आता किती? तेही सांगितलं. पुन्हा बर्फ, पुन्हा तेल. तुम्हाला शाळेत एवढं छळत नसतील. शेवटी परीक्षा घेणाऱ्या गृहस्थाने चष्मा वर केला आणि शेजारच्याला म्हटलं, "हा खरं बोलतोय. पुढे सोड."

त्या तीन शब्दांवर मी आयुष्यभर जगलो.

इथे मिलमध्ये आलो तेव्हा मला खोक्यातून काढलं ते अँटेनाबाईंनी. हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्या उपकरण विभागातल्या तंत्रज्ञ. हातात एक काठीसारखी अँटेना धरून, बिनतारी आवाज कुठे पोचतो आणि कुठे अडतो हे बघत त्या मिलभर फिरत, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि मग बाईंनाही त्याची इतकी सवय झाली की फोन उचलून त्या स्वतःच म्हणत, "हां, अँटेनाबाई बोलतेय."

त्यांनी मला नंबर दिला, सत्तेचाळीस. आमच्यात नाव नसतं, नंबर असतो. भिंतीवर उंच एक राखाडी पेटी टांगलेली होती, तिला सगळे मुकादम म्हणत, कारण आम्हा सगळ्या सेन्सरांची हजेरी ती घेई. बाईंनी माझ्या कानात परवलीचा शब्द सांगितला, मी तो मुकादमाला सांगितला, मुकादमाने खात्री करून घेतली आणि मी जाळ्यात आलो. ज्याला शब्द माहीत नाही त्याला आमच्यात थारा नाही. आणि ज्याची पाळी नाही त्याने बोलायचं नाही. सगळे एकदम बोलले तर कोणाचंच ऐकू येत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी कळतं. तुमच्या वर्गात अजून कळलेलं दिसत नाही.

आणखी एक नियम होता, आणि तोच पुढे कामाला आला. दूरच्या सेन्सराचा आवाज मुकादमापर्यंत पोचत नसे. मग मधल्याने त्याचा निरोप उचलायचा आणि पुढे द्यायचा. म्हणजे मी माझं तर सांगायचोच, वर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गाऱ्हाणीही वाहायचो. हमाली ती हमालीच.

मला बसवलं पहिल्या ड्रायरच्या बेअरिंगवर, दाराजवळ. ड्रायर म्हणजे वाफेने तापवलेले मोठाले लोखंडी रूळ. ओला कागद त्यांच्यावरून फिरत फिरत सुकतो. असे कितीतरी ड्रायर ओळीने दारापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत गेलेले. त्या दिवसांत आम्ही एवढा कागद काढला की चंद्राला गुंडाळून वर गाठ मारता आली असती. बरं, वजा करा. गाठ बसली नसती.

एकदा माझ्या खालचं बेअरिंग तापायला लागलं. मी लगेच कळवलं. फोरमन धावत आले, यंत्र थांबवलं, बेअरिंग बदललं आणि खुशीत येऊन त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी तापलेला होतो. त्यांचा तळहात पोळला आणि आठवडाभर ते सगळ्यांना डाव्या हाताने रामराम करत होते. बाईंनी मात्र मला स्वतःच्या रुमालाने पुसलं. मला वाटलं, आता काय, आपण जन्माचे सुखी झालो.

बाईंचे सासरे याच मिलमध्ये होते. त्यांना सगळे आबा म्हणत. यंत्रांना तेलपाणी करणं, ग्रीस भरणं हे त्यांचं काम. घरी ते बाईंना सूनबाई म्हणत असतील, पण मिलच्या फाटकातून आत आले की मोजून मापून "मॅडम". कोणी चिडवलं की म्हणत, "इथे त्या माझ्या साहेब आहेत. घरी चहा मागतो, इथे ग्रीस मागतो. गल्लत झाली तर दोन्हीकडे उपाशी मरेन."

आम्ही आल्यावर आबांच्या फेऱ्या कमी झाल्या. पूर्वी ते रोज प्रत्येक बेअरिंगपाशी जात. आता हुकूम निघाला की सेन्सर सांगेल तेव्हाच जायचं. आबांना त्याचा राग आला नाही. गुडघे दुखायचे त्यांचे. उलट ते आम्हाला जाता जाता म्हणत, "तुम्ही जागे राहा रे बाबांनो, मी जरा टेकतो."

ते टेकायचे कुठे, तर अगदी मागच्या टोकाला, शेवटच्या ड्रायर आणि भिंतीच्या मधल्या बोळकांडीत. तिथे फोरमन फिरकत नसत. जेवणाच्या सुट्टीत आबा तिथे डबा खायचे, मग पाठ टेकून डोळे मिटायचे. बरोबर त्यांच्या डोक्यावर शेवटच्या ड्रायरचं बेअरिंग, आणि त्यावर आमचा भाऊबंद, बावीस नंबर. कोणीतरी एकदा म्हटलं, "आबा, तिथे काय झोपता? वर एवढं धूड फिरतंय." आबा म्हणाले, "वर सेन्सर बसलाय की. काही झालं तर तो बोंब मारेल. म्हणून तर बिनघोर झोपतो."

मित्रांनो, हे लक्षात ठेवा. माणूस बिनघोर झोपला होता, तो आमच्या भरवशावर.

मग वर्षाचं मोठं शटडाऊन आलं. यंत्र बंद, सगळीकडे धुणं, पुसणं, रंगकाम. रंगारी आला. गडी कामाला चोख आणि मनाने फार भला. बाकीच्या सेन्सरांच्या भोवतीने त्याने ब्रश फिरवला, पण दोघे अडचणीच्या जागी होतो, मी आणि बावीस. आम्हाला उचकटून त्याने एका फळीवर ठेवलं. आमच्या पोटाला चुंबक असतो, त्यामुळे काढणं आणि चिकटवणं अगदी सोपं. संध्याकाळी परत लावायच्या वेळी त्याने पाहिलं, आमच्या अंगावर रंगाचे शिंतोडे उडालेले. त्याला वाईट वाटलं. दुसऱ्याची वस्तू, घाण करून कशी परत द्यायची? त्याने थिनरचा बोळा घेतला आणि आम्हाला दोघांनाही असं लख्ख पुसलं की जन्मल्यापासून मी एवढा सुंदर दिसलो नव्हतो.

शिंतोडे गेले. त्यांच्याबरोबर पेनाने लिहिलेले नंबरही गेले.

रंगारी दोन गोऱ्यागोमट्या ठोकळ्यांकडे बघत राहिला. दोन्ही सारखेच. तेवढ्यात त्याचा जोडीदार दारातून ओरडला, "अरे चल ना, बस जाईल!" तो म्हणाला, "आलो, आलो. हा इकडचा असेल." आणि त्याने बावीसला दाराजवळ चिकटवलं आणि मला नेऊन शेवटच्या ड्रायरवर.

मी पोटातून सत्तेचाळीसच होतो. मला परवलीचा शब्द पाठ होता. मुकादमाने हजेरी घेतली, मी म्हटलं, हजर. तो म्हणाला, ठीक. मी कुठून बोलतो आहे हे त्याने विचारलं नाही आणि मला ते सांगता येत नाही. मला डोळे नाहीत. मला फक्त ताप कळतो आणि थरथर कळते. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर लिहिलेलंच होतं की सत्तेचाळीस म्हणजे पहिला ड्रायर, दाराजवळ. पडदा काही जागचा उठून बघायला येत नाही.

पण शेजार बदलला आहे हे मला कळलं. भिंतीआड दोन पंप होते. त्यांच्यावरचे दोन सेन्सर म्हणजे जुळ्या बहिणी. एक बोलली की दुसरी तेच बोलणार. त्यांचा आवाज जेमतेम शेवटच्या ड्रायरपर्यंत यायचा, पुढे नाही. आता त्यांचे निरोप मी वाहू लागलो. आणि दुपारी खाली पत्र्यावर डबा सरकल्याची थरथर यायची, मग एक जडशी पाठ टेकल्याची, मग एका संथ घोरण्याची. आबा.

यंत्र सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि माझ्या पोटाखाली काहीतरी बिनसलं. बेअरिंगला तेल नेणाऱ्या नळीत कचरा अडकला होता. तेल यायचं थांबलं. बेअरिंग कोरडं पडलं, कण्हू लागलं, तापू लागलं. मी कळवलं. सत्तेचाळीस बोलतोय, ताप चढतोय.

पडद्यावर उमटलं, पहिला ड्रायर, धोका.

फोरमनांनी यंत्र थांबवलं. कागद फाटला. सगळे दाराजवळच्या बेअरिंगपाशी जमले, हात लावून बघितलं, मोजणी यंत्र लावून बघितलं. गार. अगदी गार. तिथे बिचारा बावीस बसला होता. फोरमनांनी त्याला एक टपली मारली. "काय रे, झोपेत बोलतोस काय?" माझ्या वाटणीच्या टपल्या बावीस खात होता आणि त्याच्या तोंडून शेवटच्या ड्रायरच्या नावावर "सगळं ठीक" असा निरोप जात होता. खोटं आम्ही दोघेही बोलत नव्हतो.

यंत्र बंद होतं तेवढ्यात माझं बेअरिंग जरा निवलं. पुन्हा चालू झालं, पुन्हा तापलं. मी पुन्हा कळवलं. पुन्हा यंत्र थांबलं, पुन्हा कागद फाटला. तो फाटलेला कागद काढून नवीन ओवायचा म्हणजे ड्रायरच्या धगीत माणसांचा घामटा निघतो. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा फोरमन तडक कंट्रोल रूममध्ये गेले. हे पुढचं मी स्वतः ऐकलेलं नाही. बाई नंतर नव्या माणसांना हे सांगतात आणि सांगताना मला हातात घेऊन बसतात, म्हणून माहीत.

फोरमन म्हणाले, "बाई, तुमच्या त्या सत्तेचाळीसला म्हातारचळ लागलाय."

"साहेब, तो आजवर कधी चुकलेला नाही."

"मग आज चुकतोय! सकाळपासून माझी माणसं भाजून निघालीत. पोरं मला तोंडावर विचारतात, साहेब, यंत्र आपण चालवतो की ही डबडी? काय सांगू?"

"मी एकदा तपासते त्याला."

"तीनदा तपासला ना! तुमच्यासमोर हात लावला की नाही मी? गार पाण्यासारखा आहे. काढा त्याला. आत्ता काढा. नाहीतर सगळीच डबडी खरवडून काढतो आणि आबांना परत ग्रीसची बादली देतो."

बाई सांगतात, त्यांना पटत नव्हतं. पण आकडा एक सांगत होता आणि हात दुसरं सांगत होता, आणि हाताशी भांडायला त्यांच्याकडे काही नव्हतं. बिघडलेला सेन्सर जाळ्यात ठेवणं धोक्याचं, हेही खरंच. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या नंबरावर बोट ठेवलं आणि दाबलं.

मित्रांनो, तुम्हाला कधी कोणी वाळीत टाकलं आहे? डबा खाताना सगळे उठून दुसरीकडे जाऊन बसले आहेत? तर तुम्हाला कळेल. मुकादमाने परवलीचा शब्द बदलला. नवा शब्द सगळ्यांना सांगितला, मला सोडून. माझी पाळी आली, मी बोललो. कोणी उचललं नाही. शेजारच्या सेन्सराला हाक मारली. काल माझे निरोप वाहणारा तो, आज हूं की चूं नाही. त्याचा दोष नाही, त्याला तसा हुकूम होता. मी जुना शब्द सांगितला. आता तो चूक होता. पुन्हा सांगितला. चूक.

आणि खाली पत्र्यावर डबा सरकला. मग पाठ टेकली. मग घोरणं.

माझ्या पोटाखाली लोखंड लाल व्हायला आलं होतं. ग्रीस वितळून ठिबकत होतं. ड्रायरभोवती कागदाचा भुगा नेहमीच साचतो, कापसासारखा हलका आणि कापसासारखाच पेटणारा. आबांना वास का आला नाही म्हणाल, तर चाळीस वर्षं तेलात राहून त्यांच्या नाकाने केव्हाच राजीनामा दिला होता. आणि गरम तर तिथे रोजच असायचं. त्यात भरवसा माझ्यावर. मी ओरडत होतो. ओरडण्यात बॅटरी जाते हे मला माहीत होतं, तरी ओरडत होतो. हवेत ओरडणं आणि कोणी न ऐकणं, याच्याएवढं थकवणारं काम मी दुसरं केलेलं नाही. तेलातली परीक्षा परवडली.

आता इकडे काय झालं ते ऐका. मला वाळीत टाकलं आणि थोड्याच वेळात पडद्यावर भिंतीआडच्या जुळ्या बहिणी गप्प झाल्या. होणारच. त्यांचे निरोप आणणारा मी, त्यांना नवा शब्द पोचवणारा मीच, आणि माझीच वाट बंद.

बाई म्हणाल्या, "हे काय? पंपावरच्या दोघी गेल्या."

फोरमन दारातच होते. "साथ आली वाटतं तुमच्या खात्यात. एक गेला, त्याच्यामागे दोघी सती गेल्या."

"साहेब, चेष्टा नको. दोघींच्या बॅटऱ्या नव्या आहेत. एकदम दोघी कशा जातील?"

"मला काय विचारता? मी कागद करतो."

 बाई बोटाने टेबलावर रेघ ओढत स्वतःशीच बोलायला लागल्या. "मी सत्तेचाळीसला बंद केलं आणि या दोघी बंद झाल्या. म्हणजे यांचे निरोप सत्तेचाळीस आणत होता. पण या तर पार मागच्या भिंतीआड. सत्तेचाळीस दारापाशी. दारापाशी बसून त्याला भिंतीआडचं कसं ऐकू येईल? मी स्वतः अँटेना घेऊन फिरले आहे, तिथला आवाज शेवटच्या ड्रायरच्या अलीकडे येतच नाही."

"मग?"

"मग तो दारापाशी नाहीच आहे, साहेब. तो मागे आहे. शटडाऊनमध्ये कोणीतरी अदलाबदल केलीय. तो सकाळपासून शेवटच्या ड्रायरबद्दल सांगतोय आणि आपण पहिल्याला हात लावून बघतोय!"

 फोरमन तोंडाचे फटकळ, पण हाताचे सुस्त नव्हते. खात्री करून घ्यायला ते थांबले नाहीत. पुन्हा कागद फाटेल, पोरं शिव्या देतील, कशाचा विचार केला नाही. त्यांनी लाल बटणावर मूठ आपटली आणि ओरडले, "मागे कोण आहे? बोळात कोण आहे?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची सुट्टी. त्यानंतरचं त्यांना काही आठवत नाही, असं त्या सांगतात. पण मला आठवतं. मला पत्र्यावरून धावत येणारी पावलं आठवतात. इतकी जोरात की मला वाटलं, दुसरं यंत्र सुरू झालं की काय.

त्या बोळात शिरल्या तेव्हा भुग्याने पेट घेतला होता. माझ्या एका बाजूला ज्वाळा चाटत होत्या. खाली आबा, हनुवटी छातीवर टेकलेली, शांत. बाईंनी त्यांना काखेत हात घालून ओढलं.

आबा दचकून म्हणाले, "काय झालं, मॅडम?"

"उठा! आग लागलीय! आबा, उठा ना हो!"

"अगं, डबा राहिला."

"मरू दे तो डबा!"

"नवा आहे, सूनबाई. तूच आणलास."

बाई त्यांना फरफटत बाहेर आणत होत्या आणि म्हातारा डब्यासाठी हात लांब करत होता. मागून फोरमन आणि चारदोन जण अग्निशामक नळकांडी घेऊन आले आणि तो पांढरा फवारा आमच्यावर मारला. थोडा वेळ कोणालाच काही दिसेना. आणि मग वरून, आबा दोन मिनिटांपूर्वी पाठ टेकून बसले होते नेमकं तिथे, बेअरिंगचं झाकण तुटून खाली पडलं. पत्र्याला खड्डा पडला. 

आबा बोलले. छातीवर हात ठेवून, धापा टाकत. "मी म्हटलं होतं ना, वर सेन्सर आहे, तो बोंब मारेल. त्याने मारली असणार. ऐकायला कोणी होतं का?"

फोरमन मान खाली घालून भिंतीला टेकले. बाई तिथेच पत्र्यावर बसल्या आणि रडल्या. आबांनी मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तो तेलकट होता तरी.

संध्याकाळी मला गार होऊ दिलं आणि उतरवलं. फोरमन म्हणाले, "बाई, याला परत जाळ्यात घ्या. आधी याला घ्या, बाकीचं मग." बाईंनी मला नवा परवलीचा शब्द सांगितला. मुकादम म्हणाला, बरोबर. जुळ्या बहिणींना तोंड फुटलं. मला तिथेच, शेवटच्या ड्रायरच्या नव्या बेअरिंगवर बसवलं आणि पडद्यावरही तसं लिहिलं. बाईंनी माझ्या आणि बावीसच्या अंगावर नंबर कोरून घेतले, पुसले जाणार नाहीत असे. आणि नियम केला की यंत्राला रंग लावला की प्रत्येक सेन्सराला एकेक करून हाताने ऊब द्यायची आणि पडद्यावर कोणाचा आकडा हलतो ते बघायचं. रंगारी येऊन माझी माफी मागून गेला. मी त्याला काय बोलणार? त्याने मला पुसलं होतं, बुडवलं नव्हतं.

वाटलं होतं, आता पुन्हा जुने दिवस. पण मी भाजलो होतो, मित्रांनो. आतून. बेअरिंग कोमट असलं तरी मला गरम वाटायचं. गरम असलं तर उकळतं वाटायचं. मी जे वाटेल ते प्रामाणिकपणे कळवत होतो आणि ते चूक असायचं. जो कधी चुकला नाही, तो आता रोज चुकत होता. तेव्हा मला खरा थकवा आला. वाळीत टाकल्यावर आला नव्हता एवढा.

फोरमन एकदाही रागावले नाहीत. माझा निरोप आला की ते स्वतः चालत मागे येत, हात लावून बघत आणि म्हणत, "ठीक आहे रे, गार आहे." दर वेळी येत. तोही वय झालेला माणूस, धापा टाकत येई. मला लाज वाटे.

मग एका सकाळी बाई आल्या. खुर्चीत बसून नाही, तिथे ड्रायरपाशी, माझ्याजवळ. धगीत उभ्या राहिल्या. एका हातात मोजणी यंत्र, दुसऱ्यात कंट्रोल रूममधल्या पडद्यासारखाच एक छोटा पडदा. एकदा मोजलं, माझ्याशी ताडून बघितलं. थांबून पुन्हा मोजलं. घाम पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं. आबाही बरोबर होते, ग्रीसची बादली घेऊन. त्यांनी विचारलं, "खरंच गेला का हो, मॅडम?"

"चढं सांगतोय, आबा. बरंच चढं."

"दमला असेल."

"हो. दमलाय." मग बाईंनी माझी जागा घेणारा दुसरा सेन्सर माझ्या शेजारी लावला, जुळ्या बहिणींचे निरोप त्याने उचलले की नाही ते तपासलं, पुन्हा तपासलं. मगच माझ्या नंबराला हात घातला.

मित्रांनो, तुमच्यातही कोणी सारखा तक्रार करणारा असेल. कोणी असेल ज्याचं बोलणं खोटं वाटतं, म्हणून सगळे त्याला बाजूला काढतात. कधी कधी काढावंही लागतं, मी नाही म्हणत नाही. मलाही काढावंच लागलं. माझं एवढंच मागणं आहे की काढण्याआधी तो जिथे बसला आहे तिथे जाऊन उभे राहा. त्याचा नंबर बघू नका, त्याची जागा बघा. तिथली धग तुमच्या अंगाला लागू द्या. आणि त्याच्या मागे कोण आहे, कोणाचं बोलणं त्याच्या तोंडून तुमच्यापर्यंत येतं, तेही विचारा. त्याला बंद केलंत तर आणखी कोण मुकं होणार आहे?

आणि मग ठरवा. मग जे ठरवाल ते त्याला पटेल. मला पटलं होतं.

त्या सकाळी बाईंनी बोट ठेवलं, पण दाबलं नाही. माझी पाळी यायला अजून अवकाश होता. आबा बादली खाली ठेवून उभे राहिले. तिघेही त्या धगीत वाट बघत थांबलो. मग माझी पाळी आली आणि मी माझा आकडा सांगितला. तो चूक होता. आमच्यापैकी प्रत्येकाला ते माहीत होतं. मुकादमाने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हटलं, पोचला.